अकरा रविवारांचा रिकामा गळ

स्वस्ति श्रीमत् सकलजलाशयसंचारी, मत्स्यकुलत्रासन, तथापि पकडलेला प्रत्येक मासा पुन्हा पाण्यात सोडणारे म्हणून परमकारुणिक, गुंतलेल्या दोऱ्यांचे विमोचनपटू, एकपादस्थितितपस्वी, घडीच्या खुर्चीचे आजन्म आसनाधीश, भूतपूर्व वीजमीटरवाचकशिरोमणी, सांप्रत कन्यागृहनिवासी व दौहित्राचे अधिकृत वाहन, राजमान्य राजेश्री बगळोबा यांच्या चरणकमलांप्रती, म्हणजेच त्या हिरव्या रबरी बुटांप्रती, दंताचार्याचा साष्टांग, परंतु दोन्ही गुडघ्यांनी हरकत घेतल्यामुळे केवळ षडंग, नमस्कार.

प्रिय बगळोबा,

अक्षर पाहून दचकला असशील. वळणदार, सुवाच्य, शिरोरेषेशी एकनिष्ठ असे हे अक्षर माझे नव्हे, हे बावीस वर्षे माझ्या चिठ्ठ्या वाचून डोळे अधू करून घेतलेल्या तुला वेगळे सांगायला नको. मोठ्या दरबारांत लेखनिक असत. माझ्या दरबारी धर्मपत्नी आहे. शनिवारची दुपार, स्वयंपाकघरातले टेबल, तिच्या शिवणाच्या दुकानातून आणलेले मापे लिहायचे पॅड, आणि समोर मी, उजव्या मनगटाला गुलाबी पट्टी बांधून. पाच आठवड्यांपूर्वी तळ्याच्या पायरीवरून घसरल्याने माझे मनगट मुरगळले, असे या घरात अधिकृतरीत्या जाहीर झालेले आहे. 'अधिकृतरीत्या' या शब्दापाशी लेखनिकेने मान वर केली. मी म्हटले, लिही. वरच्या बिरुदावलीवरून आमचा एक वाद आधीच झाला आहे. तिचे म्हणणे, "एवढी विशेषणं एका माणसाला पेलतात तरी का? आणि भावजी माझ्या ओट्यावर गांडुळांचा डबा विसरून गेले होते, ते कुठल्या विशेषणात घालू?" तेही लिही म्हटले. लिहिले आहे.

आता तळ्याचा वृत्तांत. तू मुलीकडे राहायला गेल्याला दोन वर्षे झाली, पण तुझ्या नावाचा विसर तळ्याला पडलेला नाही. एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने पोटरी खाजवण्याची तुझी मुद्रा नवी मंडळी अजून करून दाखवतात, आणि ज्यांनी तुला कधी पाहिले नाही तेही हसतात. यापेक्षा मोठी कीर्ती मीटरवाचकाच्या वाट्याला क्वचितच येते. तुझी जागा, म्हणजे वेताच्या बेटाशेजारची ती बसकी कडा, दोन भावांनी बळकावली आहे. ते रेडिओ लावून मासे धरतात. मासे अर्थातच धरले जात नाहीत, परंतु बातम्या त्यांना सर्व ठाऊक असतात. राखणदार तोच आहे. त्याच्या गुडघ्यांनी माझ्या गुडघ्यांशी संगनमत केलेले दिसते. तरी दर रविवारी दहाच्या सुमारास तो काठाकाठाने चालत येतो, प्रत्येकाचा गळ हातात घेऊन त्याला काटेरी अणी नाही ना हे पाहतो, माशाच्या ओठाला इजा होता कामा नये हे तेच वाक्य त्याच सुरात म्हणतो आणि पुढे जातो. या राखणदाराचे प्रकरण पुढे येणार आहे.

त्याआधी शास्त्रार्थ. लेखनिकेला हा विषय नवा आहे. चोवीस वर्षे संसार करूनही आमिष म्हणजे गळाला टोचलेले काहीतरी किळसवाणे, एवढेच तिचे ज्ञान. तेव्हा तुझ्या निमित्ताने तिलाही सांगतो. कार्प हा मासा मूर्ख नाही. तो आमिष गिळत नाही, ओढतो; तोंडात घोळवतो, शंका आली की थुंकतो. गळाला टोचलेली आमिषाची गोळी त्याला ओठ लागताच कळते. म्हणून कोणा महात्म्याने युक्ती काढली की आमिष गळाला लावायचेच नाही. गळ उघडा ठेवायचा. त्याच्या पाठीमागून पेरभर लांबीचा बारीक दोरा सोडायचा, ज्याला आपण 'केस' म्हणतो, आणि गोळी त्या केसावर लोंबकळत ठेवायची. मासा गोळी ओढतो, तिच्यामागून निर्दोष चेहऱ्याने उघडा गळ आत जातो, आणि मासा शंकेने थुंकायला जातो त्या क्षणी गळ त्याच्या ओठात वळतो. म्हणजे मासा लोभाने नव्हे, सावधपणाने पकडला जातो. या मुद्द्यावर तू आणि मी एकदा संपूर्ण एक सकाळ तत्त्वचिंतन केले होते आणि त्या नादात दोन मासे घालवले होते.

ही गोळी केसावर चढवणे हीच आपली खरी विद्या. टोकाशी सूक्ष्म आकडा असलेली सुई गोळीच्या बरोबर मध्यातून आरपार काढायची, त्या आकड्यात केसाच्या टोकाचा फास अडकवायचा, मग सुईवरची गोळी हलकेच केसावर सरकवायची, सुई सोडवायची, आणि फासात तो तांदळाच्या कणीएवढा प्लास्टिकचा अडसर ठेवून दोरा मागे ओढायचा, म्हणजे गोळी निसटत नाही. सुईच्या आकड्यात फास अडकवताना तीन सेकंद हात स्थिर लागतो. तीन. गोळी आणि गळ यांच्यामध्ये तू जेवढी फट ठेवायचास तिला मी आगकाडीची जाडी म्हणायचो आणि माझ्या फटीला तू दरवाजा म्हणायचास. केसाची लांबी किती असावी यावर बावीस वर्षे आपले एकमत झाले नाही, आणि दोघांनाही मासे सारखेच लागले. ज्या वादाचा निकाल निसर्गही लावत नाही तोच मैत्रीला टिकाऊ असतो, असे माझे मत आहे. लेखनिका म्हणते, संसारालाही.

तर आता मुख्य प्रतिपादन. चौदा महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी साडेसात वाजता, उजेड उत्तम, वारा नाही, मी गोळीतून सुई आरपार काढली, फास आकड्याशी नेला, आणि तो लागेना. फास इकडे, आकडा तिकडे. मला वाटले चष्म्याचा दोष. चष्मा पुसला. मग वाटले थंडी. हात काखेत धरले. मग मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताकडे सहज पाहिले, तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होते. जणू कुणीतरी अदृश्य जपमाळ ओढत आहे. मी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते. मी थांब म्हटले. थांबले नाहीत. मी आजवर कोणाच्याही श्रद्धेत ढवळाढवळ केलेली नाही, पण माझ्याच बोटांनी माझ्या परवानगीवाचून जप सुरू करावा, हे मला रुचले नाही.

इथे लेखनिका थांबली. म्हणाली, "चौदा महिने? घसरलात तर तुम्ही पाच आठवड्यांपूर्वी." मी म्हटले, लिही. ती लिहीना. मी म्हटले, पत्र बगळ्याला आहे, प्रश्न त्याने विचारायचे. मग तिने ते सर्व लिहिले, स्वतःच्या प्रश्नासकट. पुढे.

तुला मी कळवले नाही, कारण पत्र लिहायचे तर हाताने लिहावे लागते, आणि हात हाच फिर्यादी, हाच आरोपी. माझे अक्षर तोवर लहान होऊ लागले होते. ओळीच्या आरंभी अक्षर भुईमुगाच्या दाण्याएवढे, अंती मोहरीएवढे, आणि पानाच्या तळाशी मुंग्या रांगेने कोठेतरी निघालेल्या. दूरध्वनीवर तुझ्याशी बोलताना मात्र मी पूर्ववत प्रसन्न होतो. जिभेला कंप सुटलेला नाही. ते एक इंद्रिय शेवटपर्यंत टिकणार, अशी माझ्या सर्व नातेवाइकांची भीती आहे.

मी उपाय केले. इतके उपाय एखाद्या राज्याच्या प्रधानाने केले असते तर राज्य वाचले असते. गोळ्या घरीच चढवून न्याव्यात म्हणून मी सकाळी, लेखनिका दुकानात गेल्यावर, या टेबलाशी बसत असे. एका सकाळी चार गोळ्या साधायच्या. पुढे तीन. पुढे एक, आणि ती फुटलेली. मग सुई दातांत धरून फास दोन्ही हातांनी आणण्याचा प्रयोग केला आणि खालच्या ओठात सुई रुतवून घेतली. दाढी करताना कापले, असे तेव्हा घोषित झाले. मग मळलेली कणीकच थेट गळाच्या दोरीवरल्या शिशाच्या वजनाभोवती थापली. ती फेकताक्षणी हवेत सुटली आणि रेडिओवाल्या भावांपैकी धाकट्याच्या चहात पडली. तो म्हणाला, "काका, नेम आमच्यावर होता की माशावर?" चमच्यांच्या खणात लेखनिकेला एकदा ती आकड्याची सुई सापडली. विचारले, हे काय? दातांच्या कामाचे अवजार, मी म्हटले. तिने ते धुऊन, पुसून माझ्या डब्याशेजारी ठेवले, मी कामाला नेईन म्हणून. बगळोबा, दिवसातून शंभर वेळा सुईत दोरा ओवणारी बाई माझ्या घरात आहे. तिने ती गोळी डोळे मिटून चढवली असती. तिला सांगायचे तेवढे बाकी होते.

शेवटी मी आमिष लावणे सोडून दिले. केस मोकळाच ठेवून गळ पाण्यात फेकायचा, काठी टेकवायची आणि बसायचे. अकरा रविवार. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत मी तळ्याच्या काठी रिकामा गळ टाकून बसलो आहे. घंटी लावलेली, जाळे बाजूला ओले करून ठेवलेले, वजनाचा काटा शून्यावर. सर्व सिद्धता होती. फक्त माशाला येण्याचे प्रयोजन उरले नव्हते. येणारे-जाणारे विचारीत, "काय, हालचाल?" मी म्हणे, संथ आहे. आणि ते खोटे नव्हते.

नवव्या रविवारी राखणदाराने माझा गळ हातात घेतला. अणी पाहिली. मग या वेळी केसही बोटांत धरून म्हणाला, "आमिष कुठंय?" मी म्हटले, छोट्या माशांनी कुरतडले असेल. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या केसात अडसरच नाही. गोळी लावलीच नव्हती तुम्ही." मी गप्प. बावीस वर्षांत तो मला प्रथमच गप्प पाहत होता, त्यामुळे त्याने त्याचा भलताच अर्थ लावला. पुढच्या रविवारपासून तळ्यावर वार्ता पसरली की दंताचार्यांनी हिंसा सोडली. आता ते केवळ ध्यानासाठी गळ टाकतात. लोक माझ्यापासून दोन हात अंतर राखून हळू बोलू लागले. रेडिओ बंद झाला. थोरला भाऊ तर जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, हे जमायला किती वर्षं लागली?" मी उत्तर दिले नाही, आणि तेही त्याने उत्तर म्हणून नेले. आयुष्यभर मी गंभीर माणसांची थट्टा केली. उतारवयात मी स्वतः गंभीर माणूस म्हणून मान्य झालो, तोही एक गोळी लावता येत नाही म्हणून.

आता दंतशाळेबद्दल. तू नेहमी म्हणायचास, जगात एवढी माणसे हसतात त्यांतली निम्मी तुझ्या हातच्या दातांनी. सत्तावीस वर्षे मी तिथे कवळ्यांचे दात केले. मेणात दात बसवताना तापलेल्या सुरीचे टोक किती टेकवावे हे शिकायला सात वर्षे गेली, आणि ते विसरायला एक आठवडा पुरला. विसरलो मी नाही, हात विसरला. मी शेजारी उभा राहून त्याला विसरताना पाहिले. एक निवृत्त शिक्षिका माझ्या हातचा खालचा जबडा परत घेऊन आल्या. कागदात गुंडाळलेला जबडा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मी उजवीकडे हसते आणि हे डावीकडे जातात. वर्गात असं वागणाऱ्याला मी बाहेर उभं करत असे." त्या विनोदी होत्या. मीही काहीतरी विनोदी बोललो. मालक, म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, बाजूलाच होता. त्याने हसून वेळ मारून नेली आणि त्या गेल्यावर दार लोटून घेतले. म्हणाला, "काका, बसा." जो मनुष्य सत्तावीस वर्षे एका स्टुलावर बसलेला आहे त्याला बसा म्हणणे याचा अर्थ मला कळला.

मला त्याने काढले नाही, बाजूला केले. साचे धुणे, डबे भरणे, डब्यांवर दवाखान्यांचे पत्ते लिहिणे. पत्ते. माझ्या मुंग्यांच्या अक्षरात. एका आजोबांच्या दातांची संपूर्ण वरची पंगत शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथल्या दंतवैद्याने ती भलत्याच आजोबांना बसवण्याचा अर्धा तास प्रयत्न केला. मालक चिडला नाही. चिडला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत या, काका. नंतर घरी आराम करा. काकूंना मी सांगू का?" मी म्हटले, नको, मी सांगतो. महिनाअखेर काल झाली.

इथे लेखनिकेने पेन खाली ठेवले.

मध्ये सुमारे पाऊण तास गेला आहे. त्या अवधीत काय झाले ते थोडक्यात नोंदवतो. ती उठली. मला वाटले बाहेर जाईल. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, माझा उजवा हात तिने टेबलावर ठेवून घेतला आणि मनगटाची पट्टी सोडली. एकेक वेढा. पाच आठवडे ती रोज सकाळी स्वतः ती पट्टी बांधत होती, घट्ट नाही ना झाली, असे विचारून. पट्टीखाली मनगट अगदी ठणठणीत निघाले. सूज नाही, डाग नाही. फक्त बोटे आपला जप करत होती.  मी काहीतरी म्हणायला तोंड उघडले, बहुधा विनोद असावा. ती म्हणाली, "नको." मग तिने पट्टीची नीट गुंडाळी केली, दुकानात रिबिनीची करते तशी, आणि खणात ठेवली. मग विचारले, "डॉक्टरकडे गेलात?" मी म्हटले, तेच आता बगळ्याला सांगणार होतो. ती म्हणाली, "त्यांना नका सांगू. मला सांगा." मी म्हटले, हे वाक्यही लिही. ती म्हणाली, "नाही लिहिणार." पण वर पाहा, लिहिले आहे.

गेलो होतो, बगळोबा. सहा आठवड्यांपूर्वी, एकटा, दंतशाळेतून अर्धा दिवस सुट्टी काढून. मज्जातंतूंचे वैद्य होते, मृदुभाषी, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्यांनी मला अंगठा आणि तर्जनी भराभर आपटायला सांगितले. डाव्याने आपटली, उजव्याची उघडझाप आपटता आपटता लहान होत गेली, अक्षरासारखीच. हात सैल सोडून चालायला सांगितले. चालताना उजवा हात हलत नाही म्हणाले. एवढी वर्षे वापरलेला हात, चालताना हलतो की नाही हे मला ठाऊक नव्हते. मग कोऱ्या कागदावर गोगलगायीच्या शंखासारखे वेटोळे काढायला सांगितले. मी काढले. त्या कागदाकडे पाहून त्यांनी चष्मा काढला. विकाराला कुणा जुन्या डॉक्टराचे नाव आहे, ते सांगितले. बरा होतो का, मी विचारले. "सोबत राहतो," असे ते म्हणाले. गोळ्यांनी काही वर्षे हात ताब्यात राहील, सगळे नाही, बरेच, पुढे मात्रा वाढवावी लागेल, पुढचे पुढे. बारीक कामाचे विचारले तेव्हा त्यांनी माझा व्यवसाय विचारला. मी सांगितला. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पुढच्या दातांपैकी एक कृत्रिम होता, कामगिरी मध्यम. तेही मी बोललो नाही. आम्ही दोघांनी एकमेकांचा मान राखला. मग म्हणाले, "बाहेर कोण बसलंय तुमच्यासोबत?" कोणी नाही. "पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी घेऊन या. त्याशिवाय गोळ्या सुरू करणार नाही. काही गोष्टी तुम्हाला स्वतःला दिसायच्या नाहीत, त्या त्यांनी मला सांगायला हव्यात." मी बरे म्हणून बाहेर आलो. दोन तारखा आल्या आणि गेल्या. दोन्ही वेळा मी दूरध्वनी करून सांगितले की सोबतीचे माणूस गावाला गेले आहे. ते माणूस त्या वेळी चार गल्ल्या पलीकडे, दुकानात, कुणाच्या तरी पँटीची उंची कमी करत होते.

आता, बगळोबा, हे पत्र का, ते सांगतो. तुला वाटेल मित्राला दुःख कळवायला. नाही. तू तिथून माझे काय करणार आहेस? दौहित्राला खांद्यावर घेऊन फारतर हळहळशील. खरी गोष्ट अशी की हिच्यासमोर बसून सरळ बोलायला मी पाच आठवडे रोज बसलो. तोंड उघडले की पहिला शब्द विनोदाचा येतो. ती हसते, ताटे उचलते आणि जाते. चोवीस वर्षे मी तिला हसून उठून जायची सवय लावली आहे. जी लिहीत असते तिला मात्र प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते, म्हणून पत्र; आणि पत्राला कोणीतरी पत्ता लागतो, म्हणून तू. आजच का, तेही सांगतो, आणि लेखनिकेने हे वाक्य न थांबता लिहावे अशी विनंती आहे. गेल्या रविवारी, अकराव्या, बारा वाजता मी गळ बाहेर काढून ठेवला आणि राखणदाराला विचारले की वेताच्या बेटापलीकडे तळे किती खोल आहे. त्याने सांगितले. मी मासे धरणाऱ्याला लागते त्याहून बराच अधिक वेळ त्या पाण्याकडे पाहत बसलो. मग घरी आलो. हिने दार उघडून नेहमीसारखे विचारले, "लागलं का काही?" मी म्हटले, नाही. ती म्हणाली, "लागेल," आणि माझे ओले बूट बाहेर वर्तमानपत्रावर ठेवले. तेव्हापासून सहा दिवस मी हे पत्र मनात रचत आहे, बिरुदावलीसकट. गुरुवारी सकाळी साडेदहाची तिसरी तारीख आहे. एकट्याने गेलो तर परत पाठवतील. मला भय वाटते. हे वाक्य मी संस्कृतात सांगणार होतो. लेखनिका म्हणाली, आहे तेच राहू द्या.

सही माझ्या हातची आहे. पहिले अक्षर वाचता येईल. बाकीचे ओळखून घे.

तुझाच,
दंताचार्य

ता. क. लेखनिकेने पत्र बंद करण्याआधीच दवाखान्यात फोन लावला. गुरुवारी साडेदहाला तिच्या दुकानात एका लग्नाच्या अकरा पोशाखांची मापे घ्यायची आहेत, म्हणून तिला दुपारचे साडेचार हवेत. फोनवरच्या बाईंचे म्हणणे, दुपारी फक्त नवे रुग्ण, जुने सकाळीच. मी एकदाच दाखवून गेलो असून दोन वेळा आलो नाही, तेव्हा मी जुना की नवा हे त्यांना मोठ्या बाईंना विचारावे लागेल. मोठ्या बाई बुधवारपर्यंत रजेवर आहेत, आणि वेळ बदलायची तर ती मंगळवारच्या आत बदलावी लागते. लेखनिकेने हे त्यांना दोनदा समजावून सांगितले. त्यांनी होल्ड करा म्हटले आहे. वीस मिनिटे झाली, रिसीव्हर खांद्यावर धरूनच ती हे लिहिते आहे आणि त्यातून सनईसारखे काहीतरी वाजते आहे.